हॅवलॉकला राहायचं कुठे? आधी बीचचा नंबर विचारा, हॉटेलचं नाव नंतर

नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून शरणपूर रोडपर्यंत कुठल्याही ट्रॅव्हल ऑफिसात अंदमानचं कोटेशन मागितलं, तर हॅवलॉकपुढे साधारण एकच ओळ असते: 'दोन रात्री, डिलक्स कॉटेज, थ्री स्टार किंवा तत्सम'. हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर आहे, हे त्यात नसतं. हॅवलॉकची सहल चांगली होते की फसते, ते मात्र बरंचसं यावरच ठरतं. म्हणून हे परीक्षण एका हॉटेलचं नाही, बेटावरच्या राहण्याच्या जागांचं आहे.

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालं आहे, तरी बोटवाले, रिक्षावाले आणि बुकिंगवाले सगळे हॅवलॉकच म्हणतात. बेटावरची गावं आणि किनारे नंबरांनी ओळखले जातात. उत्तरेच्या टोकाला जेटी, तो एक नंबर. पूर्व किनाऱ्याने खाली येताना तीन नंबरला गोविंदनगरचा बाजार लागतो, पाच नंबरला विजयनगर आणि त्याही पुढे रस्त्याच्या शेवटाकडे कालापत्थर. सात नंबरचं राधानगर मात्र डोंगर ओलांडून पश्चिमेला, जेटीपासून सुमारे बारा किलोमीटरवर आहे. बहुतेक हॉटेलं पूर्वेला आणि पोहायचा किनारा पश्चिमेला, इथेच सगळा घोळ होतो.

विजयनगरवर सविस्तर लिहायला हवं, कारण पॅकेजमधली बरीच बुकिंग तिथलीच असतात. माडांच्या रांगा, त्याखाली कॉटेज, समोर काचेसारखं हिरवं-निळं पाणी. फोटोत दिसतं ते खोटं नाही, पण ते भरतीचं आहे. हा किनारा उथळ आणि सपाट आहे, तळाशी खडक आणि मेलेलं प्रवाळ. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत दीड-दोन मीटरचा फरक पडतो. उताराच्या किनाऱ्यावर तो जाणवतही नाही, सपाट तळावर मात्र पाणी शे-दोनशे मीटर मागे जातं. मग समोर उरतात खडक, चिखलट वाळू आणि पाय कापणारे प्रवाळाचे तुकडे. मुलं पोहण्याचे कपडे घालून दारात उभी असतात आणि समुद्र लांब गेलेला असतो.

भरती दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे फरक कमी. विजयनगरला खोली घेणार असाल तर तारखा अष्टमीच्या जवळच्या निवडा, किनारा पुष्कळ सुसह्य होतो. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे लावू नका. तो अरबी समुद्राच्या आपल्या किनाऱ्यासाठी आहे, अंदमानात भरतीच्या वेळा वेगळ्या. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक नेटवर मिळतं, त्यात आपल्या तारखा बघायच्या. सकाळी नऊ ते अकरा किंवा दुपारी दोन ते चार या वेळांत भरती येत असेल, तर विजयनगर घ्यायला हरकत नाही.

या किनाऱ्याच्या जमेच्या बाजूही खऱ्या आहेत. सूर्य थेट खोलीसमोर उगवतो, डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास. लाटा जवळपास नसतात, त्यामुळे भरतीच्या वेळी काठच्या उथळ पाण्यात लहान मुलांना निवांत बसवता येतं. स्कूबावाल्यांची दुकानं याच बाजूला आहेत. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्यांना बहुधा दोन नंबरच्या किनाऱ्याजवळ निमो रीफला नेतात आणि त्यासाठी पहाटे लवकर बोलावतात. स्कूबा हेच मुख्य कारण असेल तर पूर्वेलाच राहा. राधानगरहून पहाटे डोंगर ओलांडून यायची वेळ आणू नका.

राधानगरचा विषय वेगळा. जवळजवळ दोन किलोमीटरची पांढरी पुळण, तळ वाळूचा, मागे मोठ्या झाडांचं जंगल. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांसाठीचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं. ओहोटीतही इथे पोहता येतं, फक्त थोडं जास्त चालावं लागतं. पोहणं हाच सहलीचा हेतू असेल आणि बजेट परवडत असेल, तर आमची पसंती डोळे झाकून राधानगरला. अडचण अशी की इथे राहण्याच्या जागा मोजक्या आहेत. ताज एक्झॉटिकासारखं वरच्या दराचं रिसॉर्ट आहे, बाकी पर्याय थोडे आणि लवकर भरणारे. संध्याकाळनंतर जेवायला बाजार जवळ नाही, मोबाइलची रेंज पूर्वेच्या तुलनेत कमी, आणि औषध किंवा एटीएमसाठी तीन नंबरपर्यंत यावं लागतं. पोहायचं ते जीवरक्षक दाखवतील त्याच पट्ट्यात. किनाऱ्याच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत खाडी आहे, ती दिसायला सुंदर, पण खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळे तिथे पाण्यात उतरू नये. २०१० मध्ये हॅवलॉकला मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला होता. पाटीकडे दुर्लक्ष करू नका.

राधानगर परवडत नसेल तर मधला मार्ग आहे: राहायचं पूर्वेला आणि दोन्ही दिवशी दुपारी दोनच्या आत राधानगर गाठायचं. दोनच का? अंदमानचं घड्याळ आपलंच, पण बेटं नाशिकपासून खूप पूर्वेला. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, नाशिकपेक्षा जवळजवळ तासभर आधी. चारला पोहोचलं की पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. अंधार पडला की किनारा रिकामा करायला लावतात. जाताना रिक्षावाल्याशी येण्या-जाण्याचं आणि थांबण्याचं मिळून ठरवा, परतीची रिक्षा तिथे ऐनवेळी शोधणं त्रासाचं. स्कूटर चालवता येत असेल तर भाड्याने घ्या, मात्र डोंगरातल्या वळणांवर अंधारात दिवे नसतात हे लक्षात ठेवा.

तीन नंबरला, बाजाराजवळ राहणं दिसायला साधं, पण सोयीचं. जेवणाची ठिकाणं चालत, औषधाचं दुकान चालत, जेटी दोन-तीन किलोमीटरवर. सोबत आई-बाबा असतील, कुणाचे गुडघे दुखत असतील, तर हा पर्याय पहिला विचारात घ्या. समुद्र खोलीसमोर नसला तरी चालेल, कारण विजयनगरच्या प्रवाळावरून चालणं त्यांना तसंही जमणार नाही. कालापत्थर उलट टोकाला: काळे खडक, समुद्रालगतचा देखणा रस्ता, शांतता. नवी हॉटेलं तिथे झाली आहेत. पण जेटी आणि बाजार दोन्ही लांब, त्यामुळे प्रत्येक फेरीला रिक्षा. नवीन जोडप्याला चालेल, लहान मुलांच्या घराला नाही.

आता खोली. 'सी व्ह्यू' आणि 'सी फ्रंट' हे शब्द हॉटेलवाले सैल वापरतात. माडांच्या फटीतून पाणी दिसलं तरी तो सी व्ह्यूच. विचारायचं असं: कॉटेज कितव्या रांगेत आहे, आणि दारातून भरतीच्या रेषेपर्यंत किती पावलं? बांबूची हट स्वस्त आणि हवेशीर असते, पण भिंतीतून शेजारचा आवाज येतो, पाली-किडे आत येतात आणि पावसाळी हवेत गादी-उशीला ओल धरते. पक्क्या बांधकामाच्या एसी खोलीत हे कमी. दोन्हीकडे मच्छरदाणी लागतेच. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, त्या डासांसारख्या गुणगुणत नाहीत, आधी कळतच नाही, आणि खाज काही दिवस राहते. वाळूवर थेट बसू नका, चटई टाका, पायांना ओडोमॉस किंवा खोबरेल तेल चोळून ठेवा.

वीज बेटावर मुख्यतः डिझेल जनरेटरवर तयार होते, ती जाते. हॉटेलचा स्वतःचा जनरेटर आहे का, एवढंच विचारू नका. त्यावर एसी चालतो की फक्त दिवे-पंखे, रात्रभर चालतो की ठरावीक तास, हेही विचारा. आणि आपली खोली जनरेटरच्या शेडला लागून नको, हे बुकिंग करतानाच सांगा. बाथरूमचं पाणी काही ठिकाणी मचूळ लागतं, साबणाला फेस येत नाही. गोड्या पाण्याचा पुरवठा तिथे मर्यादित आहे, हॉटेलवाला मुद्दाम करत नाही. प्यायला फिल्टरचं पाणी बाटलीत भरून मिळेल का, ते विचारून ठेवा.

जेवणाचं नीट बोलून घ्या. बेटावरची वस्ती मुख्यतः बंगाली, मासे-भात उत्तम मिळतो. शाकाहारी मिळतं, पण भाजीपाला बराचसा जहाजाने येतो, त्यामुळे नाशिकच्या बाजारातल्या भावाची आणि ताजेपणाची अपेक्षा ठेवू नये. 'व्हेज उपलब्ध' म्हणजे वेगळं स्वयंपाकघर नव्हे. जैन किंवा कांदा-लसूण नको असेल तर जेवणासकट पॅकेज घेण्याऐवजी फक्त नाश्ता घ्या आणि तीन नंबरच्या बाजारात जेवा. खाखरा, दशम्या, कोरडी चटणी सोबत असली की निभावतं.

हॅवलॉकला एक रात्र घेऊ नका. पोर्ट ब्लेअरहून बोट दीड ते अडीच तास घेते, जेटीवर आधी पोहोचायचं, सामान चढवायचं, खोलीत जाईपर्यंत दुपार होते आणि पाचला अंधार. बऱ्याच हॉटेलांत चेक-आउट सकाळी आठ-नऊलाच असतं. म्हणजे एका रात्रीत भरती एकदाच मिळते, तीही तुमच्या सोयीची असेलच असं नाही. दोन रात्री किमान, तीन असतील तर उत्तम. तीन असल्या की एक दिवस एलिफंट बीचला देता येतो. तिथल्या बोटी सकाळी जेटीवरून सुटतात, म्हणून त्या दिवशी पूर्वेला असणं सोयीचं.

सुट्ट्यांचंही गणित बघा. दिवाळीच्या सुट्टीत तिथे ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे असतात. मे महिन्यात, साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मान्सून देशात आधी तिथेच पोहोचतो. शाळा संपल्या संपल्या एप्रिलच्या शेवटी निघालात तर बरं. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, आणि भुर्दंड पडतो तो हॉटेलच्या पैशांचा. बोट रद्द झाल्यास न वापरलेल्या रात्रीचे पैसे परत मिळतील की नाही, हे लेखी घ्या. दर विचारताना जीएसटीसकट विचारा: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. ७,६०० ची खोली ७,४०० ला मिळाली तर फरक दोनशेचा नाही, हजारावर जातो. ३१ डिसेंबरच्या रात्रीचं गाला डिनर अनेक ठिकाणी सक्तीचं असतं आणि त्याचे माणशी पैसे वेगळे लागतात. ते कोटेशनमध्ये धरलंय का, तपासा.

ॲडव्हान्स भरण्याआधी हॉटेलला थेट व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवा: 'आमच्या कॉटेजसमोरचा आजच्या ओहोटीच्या वेळचा फोटो पाठवाल का?' चांगला चालवणारा माणूस पाठवतो आणि भरती कधी तेही सांगतो. टाळाटाळ झाली तर दुसरं हॉटेल बघा.

शेजारचं नील बेट, म्हणजे शहीद द्वीप, एका रात्रीपुरतं घ्या. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त, भरतपूरचा किनारा जेटीलगत. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीतच बघता येतो, म्हणून तिथे उलट ओहोटीची वेळ शोधायची.

शेवटची रात्र मात्र पोर्ट ब्लेअरलाच, आता श्री विजयपुरम नाव झालेल्या शहरात. नाशिकच्या ओझर विमानतळाहून थेट विमान नाही, त्यामुळे बोट चुकली किंवा रद्द झाली तर पुढचं मुंबई किंवा हैदराबादचं जोडतिकीट बुडतं. शिवाय स्कूबा केलं असेल तर विमानात बसण्याआधी चोवीस तास जाऊ द्यावे लागतात. राहायला अबर्डीन बाजार घ्या. हॉटेलं साधी आहेत, समुद्र खोलीतून दिसेलच असं नाही, पण सेल्युलर जेल तिथून चालत जाण्यासारखं आहे. भगूरच्या सावरकर बंधूंच्या कोठड्या असलेली ती इमारत धावतपळत तासाभरात उरकू नका. बोटीवरून उतरल्यावर सामान खोलीत टाका आणि उजेड असतानाच आत जा.