चिपीचं पावसाळी विमान: गो-अराउंडसाठी स्टार कापू नका

पावसाळ्यात सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या विमानावर लोक रागावतात ते बहुधा दोन कारणांनी. एक, विमान धाडकन टेकलं. दोन, धावपट्टी दिसत असून टेकलंच नाही, पुन्हा वर उचललं (यालाच गो-अराउंड म्हणतात) आणि गोव्यातल्या मोपा विमानतळाला नेलं. आमच्या लेखी या दोन्हींना पूर्ण गुण.

परुळ्याजवळ जांभ्याच्या सड्यावर २५०० मीटरची पूर्व-पश्चिम धावपट्टी आहे. एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला ती ऐसपैस. बोइंग ७३७ लाही पुरते, पण ओली असताना ढिलाई चालणार नाही. इमारत छोटी, चालणं कमी. बाकी तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

खरी सेवा शेवटच्या काही किलोमीटरांत कळते. ३ अंशांच्या उतारावरून येताना पट्टीच्या तोंडाशी विमान ५० फुटांवर हवं. तिथे दर ५० फूट जादा उंचीमागे टेकण्याची जागा साधारण ३०० मीटर पुढे सरकते. पाठीमागून १० नॉटचा (ताशी सुमारे १८ किलोमीटरचा) वारा असला तर थांबायला पाचवा हिस्सा अंतर जास्त लागतं. चाकं पट्टीच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात टेकायला हवीत, म्हणजे चिपीला सव्वाआठशे मीटरच्या आत. ढगातून येताना १००० फुटांवर येईपर्यंत वेग, खाली येण्याचा दर, फ्लॅप (पंखांच्या झडपा), चाकं यांतलं एक जरी जमलेलं नसलं तर गो-अराउंड. त्यावर चर्चा नाही.

हे न केल्यावर काय होतं ते याच किनाऱ्यावर खाली मंगळूरला दिसलं. २२ मे २०१०, हवा स्वच्छ, वारा शांत. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं ७३७ पट्टीच्या तोंडाशी सुमारे २०० फुटांवर होतं, वेग १४४ ऐवजी १६० नॉटच्या वर. जेमतेम २४५० मीटरच्या पट्टीतले जवळजवळ १६०० मीटर मागे पडल्यावर ते टेकलं. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपलेला होता. को-पायलटने गो-अराउंड सुचवलं, धोक्याची सूचना देणारं यंत्रही ओरडत होतं. त्यात रिव्हर्स (वेग मोडायला इंजिनाचा उलटा जोर) लावल्यावर पुन्हा उडण्याचा प्रयत्न झाला. १६६ पैकी १५८ जण गेले.

केरळात कोळिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी पाऊस होता. पहिल्यांदा एअर इंडिया एक्सप्रेसचंच विमान रीतसर वर उचललं गेलं. दुसऱ्या खेपेला पाठीमागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर बिघडलेला, आणि २७०० मीटरच्या ओल्या पट्टीचा निम्मा भाग संपल्यावर टेकणं. गो-अराउंडची हाक इथेही दिली गेली होती. २१ मृत्यू. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण करायला परतायचंच, हा कॅप्टनवरचा ताण चौकशी अहवालात नोंदला आहे. चतुर्थीच्या आधी प्रवासी ‘कसंही करून उतरवा’ म्हणतात, तो दबाव याच जातीचा.

आता धाडकन टेकण्याचं. ओल्या पट्टीवर अलगद उतरवायला गेलं की विमान तरंगत राहतं आणि पट्टी खातं. टेकल्यावरही चाकांखाली पाण्याचा थर राहिला तर ब्रेक धरत नाहीत. ठामपणे टेकवलं की वजन लगेच चाकांवर येतं. कंबरेला झटका बसतो खरा, पण पायलट शिकाऊ होता असा त्याचा अर्थ नाही.

गुण कापायचेच तर जमिनीवरच्या कारभाराचे कापा. विमान वळवल्याचं कारण साध्या मराठीत सांगितलं का? मोपाहून पुढे बस दिली का, की बांदा-सावंतवाडीमार्गे कुडाळ ज्याचं त्याने गाठायचं? तिकीट काढण्याआधी हेच विचारून घ्या. विमान मुंबईलाही परत जाऊ शकतं, म्हणून गणपती आणायच्या दिवसाचं तिकीट काढू नका. दोन दिवस आधी निघा, नाहीतर कोकण रेल्वे बरी. औषधं आणि घराची किल्ली हातातल्या पिशवीत ठेवा.