कक्षेच्या वादात पंच म्हणून ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’

यान कक्षेत पोहोचले असे केव्हा म्हणायचे, हा वाद दिसतो तितका पोरकट नाही. 12 एप्रिल 1961 रोजी युरी गागारिन बैकोनूरहून निघाले आणि 108 मिनिटांनी साराटोवच्या परिसरात, म्हणजे उड्डाणस्थळाच्या पश्चिमेलाच, उतरले. जमिनीवरील रेखांश मोजले तर त्यांची प्रदक्षिणा थोडक्यात अपुरी राहिली. तरीही कक्षेत जाणारा पहिला मानव म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे, कारण प्रश्न पूर्ण फेरीचा नसून वेग आणि मार्ग यांचा आहे. हा मुद्दा पुस्तकातून समजावताना दमछाक होते. मेक्सिकोतील ‘स्क्वाड’ने तयार केलेला, 2011 मध्ये प्रथम लोकांपुढे आलेला आणि 2015 मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा संगणकीय खेळ मात्र तो एका संध्याकाळी गळी उतरवतो.

खेळातील ‘कर्बिन’ ग्रहाची त्रिज्या अवघी 600 किलोमीटर असली तरी पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकेच आहे, आणि वातावरण बरोबर 70 किलोमीटरवर संपते. रॉकेट उडवून नकाशा उघडला की यानाचा पुढचा मार्ग रेषेने दिसतो. सुरुवातीला त्या रेषेचे दुसरे टोक ग्रहात घुसलेले असते. मार्गाच्या माथ्यावर पोहोचून यानाचे नाक आडवे धरून इंजिन चालवले, की हे टोक हळूहळू ग्रहाच्या पलीकडे सरकू लागते, वेग सेकंदाला सुमारे 2,300 मीटरपर्यंत गेल्यावर रेषा एकदम मिटून वर्तुळासारखी होते, आणि तिचा सर्वांत खालचा बिंदू 70 किलोमीटरच्या वर आला त्याच क्षणी खेळ यानाला ‘कक्षेत’ असा दर्जा देऊन टाकतो. फेरी पूर्ण होण्याची वाट तो पाहत नाही. इतकी स्पष्ट कसोटी मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळली नाही.

विज्ञानपटांनी रुजवलेल्या समजुतींना हा खेळ आणखी बेदरकारपणे सुरुंग लावतो. पडद्यावर इंजिन बंद पडले की यान ताबडतोब ग्रहावर कोसळू लागते, जणू ते आजवर इंजिनाच्या जोरावरच तरंगत होते. इथे इंधनाचा शेवटचा थेंब संपला तरी यान निमूटपणे फिरत राहते. त्याच कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचे तर वेग वाढवून चालत नाही. आधी वेग कमी करून खालच्या, कमी वेळात फेरी पूर्ण होणाऱ्या कक्षेत उतरावे लागते. नवखा खेळाडू दोन-चार वेळा उलटे करून पाहतो आणि मग मुकाट्याने शिकतो.

मात्र पंचाच्याही काही खोडी आहेत. 70 किलोमीटरच्या वर हवेचा कणही नाही, असे हा खेळ मानतो. प्रत्यक्षात सुमारे 400 किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालाही विरळ हवेच्या घर्षणामुळे अधूनमधून वर ढकलावे लागते. त्याहून मजेशीर प्रकार असा, की ज्या यानाकडे खेळाडूचे लक्ष नाही त्याला वातावरणाचा अडथळाच लागू होत नाही. त्यामुळे 40 किलोमीटरपर्यंत खाली येणारे यान, दप्तरी ‘उपकक्षीय’ (म्हणजे कक्षेत न पोहोचलेले) अशी नोंद असूनही, अनंत काळ फेऱ्या मारत राहते.

सर्वांत मोठी उणीव याहून खोल आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून एका वेळी एकाच गोलाचे आकर्षण मोजले जाते, आणि दोन गोलांच्या ओढीचा मेळ जिथे बसतो ते लग्रांज बिंदू या विश्वात असूच शकत नाहीत. सूर्याचा अभ्यास करणारे आपले ‘आदित्य-एल1’ हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघून 6 जानेवारी 2024 रोजी सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या अशाच एका बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या त्या बिंदूवर कोणताही गोल नाही, तरी सुमारे 178 दिवसांत त्याची एक फेरी होते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ ही दुर्बीण याच यानावर आहे. केवळ या खेळावर पोसलेला वादपटू ‘ही कक्षाच नव्हे’ म्हणून हटून बसेल, आणि चूक त्याची नसेल.

यावर ‘प्रिन्सिपिया’ हा खेळाडूंनीच तयार केलेला मोफत पूरक भाग हा उतारा आहे. तो सर्व गोलांचे आकर्षण एकत्र मोजतो, आणि त्या काटेकोर हिशेबात मूळ खेळातील ‘जूल’ या महाकाय ग्रहाची उपग्रहमालाच टिकत नाही, म्हणून तिच्या कक्षांमध्ये त्याला फेरफार करावा लागला आहे. मूळ खेळ चांगला अंगवळणी पडल्याखेरीज त्याच्या वाटेला जाऊ नये.

खेळात मराठी नाही, आणि सोबतचे प्राथमिक धडे त्रोटक आहेत. शाळकरी मुलांजवळ सुरुवातीला मोठ्या माणसाने बसावे हे बरे. शेकडो भागांचे रॉकेट बांधले तर साधा लॅपटॉप रखडतो. याच नावाचा दुसरा भाग 2023 मध्ये अपूर्णावस्थेत विक्रीस आला आणि तसाच राहिला, तेव्हा खरेदी करताना पहिलाच भाग निवडावा.