महापुरात भिजलेले ८०८५ ट्रेनर किट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील एका भंगार दुकानातून वजनावर घेतलेले हे किट, म्हणजे ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचे प्रोग्रॅमिंग शिकण्याचा बोर्ड, २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले होते, आणि माझ्या हाती आले तेव्हा प्रत्येक सॉकेटच्या पोटात कृष्णेचा बारीक गाळ वाळून बसला होता. आयसी मेल्या असतील अशी माझी खात्री होती. ती सपशेल खोटी ठरली.

वीज देण्याआधी मॉनिटर प्रोग्रॅमची (किट चालू होताच चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) २७६४ ईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी मेमरी आयसी, बाहेर काढली, कारण त्यातील ८ किलोबाइट गेले असते तर पुढच्या सगळ्या खटाटोपाला अर्थच उरला नसता. दोन वेळा वाचल्यावर दोन वेगवेगळी उत्तरे आली. तिच्या पिना घासून स्वच्छ केल्यावर मात्र तिसरे आणि चौथे वाचन तंतोतंत जुळले. ती प्रत २८सी६४ या विजेने पुसता येणाऱ्या मेमरीत भरून मूळ ईप्रॉमच्या काचेवर (तिच्यातून अतिनील प्रकाश शिरला तर मजकूर पुसला जातो) नवी पट्टी चिकटवली आणि ती डबीत ठेवून दिली.

भिजलेल्या ट्रान्सफॉर्मरवर विश्वास न ठेवता बाहेरून ५ व्होल्ट दिले. डिस्प्लेवर अर्थहीन आकडे उमटले आणि एकही की दाद देईना. घड्याळाचे ठोके देणारा क्रिस्टल ६.१४४ मेगाहर्ट्झचा, आणि प्रोसेसरच्या ३७ क्रमांकाच्या पिनवर त्याच्या निम्मे, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्झ, नीट मिळत होते. याचा अर्थ प्रोसेसरचे घड्याळ चालू होते. तरीही मी उतावीळपणे तीन आयसी बदलल्या, आणि त्या तिन्ही निर्दोष निघाल्या. खरा दोष ७४एलएस३७३ या लॅच आयसीच्या सॉकेटमधील एका सैल पातीचा होता. ८०८५ मध्ये मेमरीतील जागेच्या पत्त्याच्या खालच्या आठ तारा आणि डेटा एकाच पिनांवरून येतात व एएलई या ‘पत्ता आला’ असे सांगणाऱ्या संकेतावर ही आयसी पत्ता धरून ठेवते. त्यातील एक जरी तार सुटली, तरी प्रोसेसर भलत्याच जागेवरून सूचना वाचू लागतो. तेव्हा सगळीच सॉकेट काढून गोल मशीन पिनची बसवली. चाळीस पिनांचे सॉकेट उपटताना बोर्डवरचा तांब्याचा एक ट्रॅक उखडला, तो माझ्या घाईचा दंड. फुटलेल्या निकेल-कॅडमियम बॅटरीने आणखी दोन ट्रॅक खाल्ले होते. ती जागा व्हिनेगरने, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तारा जोडल्या.

मेमरी वाढवणे त्या मानाने सोपे गेले. ७४एलएस१३८ ही डीकोडर आयसी पत्त्यांच्या सगळ्या जागेचे ८ किलोबाइटचे आठ भाग पाडते. पहिल्यात मॉनिटर आणि २००० पासून (इथले पत्ते सोळाच्या पद्धतीत, म्हणजे हेक्समध्ये आहेत) पुढच्यात ६२६४ रॅम होती, बाकी सहा रिकामे. वरचा अर्धा भाग, म्हणजे ८००० ते एफएफएफएफ, मी ३२ किलोबाइटच्या ६२२५६ रॅमला दिला. ए१५, म्हणजे पत्त्याची सर्वांत वरची तार, आणि उलटवलेला आयओ/एम संकेत (मेमरी हवी की बाहेरचे उपकरण, हे सांगणारा) नँड गेटमधून काढला, की त्या रॅमला जागे करणारा चिप सिलेक्ट मिळतो. त्यासाठी चार नँड गेटांची एकच ७४एलएस०० पुरली. पहिल्या आठवड्यात मधूनच एखादा बाइट बदललेला दिसे. नव्या रॅमच्या व्होल्टेज पिनशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचे मी विसरलो होतो, तो लावल्यापासून तक्रार नाही.

आता किट माझ्या पुतणीच्या ताब्यात असते. ती डिप्लोमाला आहे आणि ५ व ३ ची बेरीज करणारे ३ई ०५ ०६ ०३ ८० ३२ ०० २१ ७६ असे नऊ बाइट हाताने भरून २१०० वर ०८ पाहते. ३२ (उत्तर साठवण्याची सूचना) नंतर पत्ता उलटा, आधी ०० आणि मग २१, असा का लिहायचा, हे तिला संगणकावरील सिम्युलेटरने कधी विचारायला लावले नव्हते. इथे २१ आधी टाकून उत्तर भलतीकडे गेले, तेव्हा तिने विचारले.

गैरसोयीही आहेत. वीज गेली की रॅममधील प्रोग्रॅम पुसला जातो, आणि नवी बॅटरी बोर्डवर बसवण्याचे धाडस मी केलेले नाही. की आणि डिस्प्ले सांभाळणारी ८२७९ आयसी की दाबताना होणारा कंप स्वतः गाळते, तरी ‘सी’ची की गंजल्यामुळे अजून कधी कधी दोनदा उमटते; तिच्या मापाची दुसरी की सांगली-मिरजेतील दुकानांत मला मिळाली नाही.