न खोदता पावसाळी पाइपचं आतून लायनिंग, आमच्या सोसायटीचा अनुभव

आमची बिल्डिंग दादरला, जुनी, आणि गच्चीचं नि अंगणाचं पावसाचं पाणी पार्किंगखालच्या ३०० मिमीच्या सिमेंट पाइपातून रस्त्याच्या गटारात जातं. मागच्या पावसाळ्यात दोन ठिकाणी पेव्हर ब्लॉक खचले, उचलून बघितलं तर खाली माती गायब, पाइपच्या सांध्यातून वाहून गेलेली, आणि आत पिंपळाची मुळं. खोदायचं तर वर गॅसची लाइन, केबल, शिवाय गाड्या कुठे लावायच्या, म्हणून मे महिन्यात हे लायनिंग करून घेतलं.

कमिटीत निम्म्यांना वाटत होतं की आतून नुसता रंग मारतात. तसं नाहीये. आधी जेटिंगने, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, पाइप धुतला, मुळं कापली, कॅमेरा फिरवला. मग रेझिनमध्ये (तापवल्यावर कडक होणारं चिकट रसायन) भिजवलेली फेल्टची, म्हणजे जाड मऊ कापडाची, लांबलचक पिशवी (हाच लायनर) चेंबरमधून पाण्याच्या दाबाने आत सोडतात, ती मोजा उलटा करावा तशी उलटी होत जाते आणि भिजलेली बाजू जुन्या पाइपला चिकटते, मग तेच पाणी बॉयलरने तापवून ती कडक करतात. म्हणजे पाइपच्या आत नवा पाइप, सांधाच नाही! लंडनमध्ये हे १९७१ साली पहिल्यांदा केलं होतं, आपल्याकडे अजून लोक दचकतात. आमचे २८ मीटर एका दिवसात झाले. जाडी ६ मिमी, म्हणजे आतला व्यास १२ मिमी कमी झाला पण गुळगुळीत असल्यामुळे पाणी अडत नाही.

आता तक्रार. रेझिनचा वास रात्रीपर्यंत होता, तळमजल्यावर एक लहान बाळ आहे, त्यांना आधी सांगायलाच हवं होतं, हे मला खरंच खटकलं. दुसरं, लायनरने बाजूची कनेक्शनं झाकली जातात, ती आतून मशीनने कापून उघडावी लागतात, त्यातलं गच्चीचं एक राहूनच गेलं. आम्ही वरून पाणी सोडून बघितलं म्हणून कळलं, ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी येऊन उघडलं.

करून घेणार असाल तर आधीचं आणि नंतरचं दोन्ही कॅमेरा रेकॉर्डिंग हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पाइप मध्येच खाली खचला असेल, उतार गेला असेल तर लायनर त्याच आकारात बसतो, तिथे खोदावंच लागेल. आणि बाहेरची पोकळी यात भरत नाही, ती आम्ही वेगळी ग्राउटिंग करून, म्हणजे घट्ट होणारं पातळ मिश्रण आत सोडून, भरली.

जुलैत दोन दिवस नुसता झोडपत होता तेव्हा मी छत्री घेऊन चेंबरपाशी उभा होतो, पाणी स्वच्छ, मातीचा कण नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या बाळाच्या घरासाठी कापला.