रिझॉल्व्हमध्ये क्लिपचा वेग बदलणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती, आणि काम म्हणजे लातूर-परभणी पट्ट्यातल्या लग्नांचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची जोडणी, मधूनअधून एखादी जत्रा. आठ महिन्यांनंतरचं मत असं, की वेग बदलायची साधनं भक्कम आहेत. स्लो मोशन बिघडतं ते बहुतेक वेळा वेगाच्या चुकीच्या टक्क्यामुळे, आणि बरोबर टक्का शूटिंगच्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

हिशेब सोपा आहे. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं, आणि टाइमलाइन म्हणजे क्लिपा ओळीनं मांडायची पट्टी. टाइमलाइनचा फ्रेम रेट भागिले क्लिपचा फ्रेम रेट, गुणिले 100. टाइमलाइन 25 ची आणि क्लिप 50 ची असेल तर 50 टक्के. 100 ची क्लिप 25 टक्क्यांपर्यंत खाली नेता येते. 60 च्या मोबाइल क्लिपला 41.67 लागतं, तिथं सवयीनं 50 टाकलं की दर सेकंदाला पाच फ्रेम गळतात. यातला सगळ्यात छुपा सापळा म्हणजे नवा प्रोजेक्ट 24 वर उघडतो आणि क्लिपा आत घेतल्या की तो आकडा बदलता येत नाही. मग 50 ची क्लिप 50 टक्क्यांवर टाकली की सेकंदाला एक फ्रेम गायब. उभ्या नवरा-नवरीच्या शॉटमध्ये काही कळत नाही, पण वरातीवर कॅमेरा आडवा फिरवलेला असेल तर दर सेकंदाला हिसका दिसतो. अख्खा प्रोजेक्ट नव्यानं करायची गरज नाही. नवी टाइमलाइन बनवताना ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढा आणि तिला 25 द्या.

साधा वेग बदलायला क्लिपवर उजवं क्लिक करून ‘चेंज क्लिप स्पीड’. तिथल्या ‘रिपल’च्या चौकोनाकडे लक्ष असू द्या. खूण नसेल तर पुढची क्लिप जागची हलत नाही. त्यामुळे वेग कमी केला की क्लिपचा शेवट कापला जातो आणि वाढवला की मध्ये भोक पडतं. अंतरपाट खाली येण्याचा नेमका क्षण गेला कुठं, म्हणून शोधाशोध होते ती इथंच.

रॅम्पसाठी, म्हणजे एकाच क्लिपमध्ये वेग कमी-जास्त करायला, कंट्रोल आणि आर दाबा. क्लिपखालच्या छोट्या त्रिकोणातून ‘अ‍ॅड स्पीड पॉइंट’ घ्या, एक अंतरपाट सरकायच्या जरा आधी, दुसरा अक्षता पडून गेल्यावर. पॉइंटला दोन मुठी असतात. वरची ओढली की डावीकडच्या तुकड्याचा वेग बदलतो, खालची ओढली की पॉइंट दुसऱ्या फ्रेमवर सरकतो. ही अदलाबदल सुरुवातीला डोकं खाते. एवढ्यावर सोडलं तर वेग गचका देऊन बदलतो. म्हणून ‘रिटाइम कर्व्ह’ उघडा, त्यात ‘रिटाइम स्पीड’ निवडा, पॉइंटवर क्लिक करून बेझिअरचं (रेघ गोलाकार करणारं) बटण दाबा आणि दांडी थोडी ताणा. शंभरावरून पन्नासला यायला दहा-बारा फ्रेम पुरतात.

आता ऑप्टिकल फ्लो. ‘इन्स्पेक्टर’मध्ये ‘रिटाइम अँड स्केलिंग’खाली तीन पर्याय दिसतात. ‘निअरेस्ट’ आहे त्याच फ्रेम वापरतं, ‘फ्रेम ब्लेंड’ शेजारच्या फ्रेम एकमेकांत मिसळतं, ‘ऑप्टिकल फ्लो’ मधल्या फ्रेम नव्या बनवतं. टक्का हिशेबात बसत असेल तर ‘निअरेस्ट’च ठेवा, बनवायला काही उरलेलंच नसतं. त्याखाली उतरायचं तेव्हाच ऑप्टिकल फ्लो. नवरी मान वळवून पाहते, पदर हलतो, अशा शॉटमध्ये ते सुरेख चालतं. अक्षतांत मात्र फसतं. या फ्रेममधला हा दाणा पुढच्या फ्रेममधला कुठला, हे त्याला ओळखता येत नाही. मग तांदळाच्या अळ्या होतात, आणि दाणे चेहऱ्यावरून जाताना नाकाची कडही सोबत ओढून नेतात. पाण्याचंही तेच. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावरचे तुषार यात जेलीसारखे थरथरतात. असे शॉट 100 फ्रेमवर घ्या, दुसरा इलाज नाही. ‘स्पीड वॉर्प’ हा मधल्या फ्रेम बनवायचा आणखी एक पर्याय फक्त पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, आणि तेही अंदाजच बांधतं.

हलगीचा आवाज कधीच संथ करू नका. ‘पिच करेक्शन’ स्वर सांभाळतं, पण थाप म्हणजे क्षणभराचा आघात, तो ताणला की फाटका वाजतो. कंट्रोल, अल्ट आणि एल दाबून चित्र-आवाज सोडवा, आवाज शंभरावर राहू द्या, फक्त चित्राचा वेग बदला.

मांडवातल्या दिव्यांचंही बघा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातल्या एलईडी माळा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 50 किंवा 100 फ्रेम आणि 1/100 शटर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा शंभरावा भाग उजेड) असेल तर ते लपतं. 120 फ्रेमवर घेऊन 20.83 टक्क्यांवर आणलं की उजेड सेकंदाला चारेक वेळा धडधडतो. मोबाइलच्या क्लिपा आधी मीडियाइन्फो या क्लिपची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता, दिसला तर शटर एन्कोडर या क्लिपा रूपांतरित करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर करूनच आत घ्या, नाहीतर वरचा सगळा हिशेब वाया.

मशीनबद्दल थोडकं. ऑप्टिकल फ्लोच्या क्लिपा टाइमलाइनवर अडखळतात, ‘प्लेबॅक’मधून ‘रेंडर कॅशे’ (जड क्लिपा आधीच तयार करून ठेवणं) ‘स्मार्ट’ करा आणि वरची लाल रेघ निळी होईपर्यंत थांबा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या वर गेला की लॅपटॉप स्वतःच वेग उतरवतो. अशा क्लिपा पहाटे ‘रेंडर इन प्लेस’ करून, म्हणजे तयार फाइल बनवून, घेतलेल्या बऱ्या, म्हणजे दुपारी लाइट गेली तरी तेवढं काम पुन्हा करावं लागत नाही.