तीन ठिकाणचा कोड एका जागी आणला, कोडबर्गचा अनुभव

आमचं द्राक्षाच्या फवारणीची नोंद ठेवायचं छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) ॲप आहे, पिंपळगाव बसवंतचे बागायतदार वापरतात. कोड तीन साईटवर पडलेला, एकीकडे जुना, दुसरीकडे नवा, आणि एका शेतकरी दादांनी कळवलेली चूक तिसरीकडे सहा महिने कुणी बघितलीच नाही, फार वाईट वाटलं राव. मग गंगापूर रोडला मित्राच्या घरी बसून सगळं कोडबर्ग या कोड ठेवायच्या साईटवर आणलं.

ही साईट बर्लिनची ना-नफा संस्था चालवते, फोर्जेजो या मुक्त सॉफ्टवेअरवर, पैसे लागत नाहीत, पण कोड मुक्त लायसनचाच हवा. गिटची (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) हिस्टरी तर क्लोनसोबत, म्हणजे पूर्ण प्रतीसोबत येतेच, खरी कटकट इश्यूंची (लोकांनी कळवलेल्या चुका, मागण्या), कारण ते गिटमध्ये नसतातच. इथल्या इंपोर्टरने गिटहब या जुन्या साईटवरचे इश्यू, लेबल, रिलीज सगळं ओढलं, फक्त ॲक्सेस टोकन (परवानगीची किल्ली) द्यावं लागतं. जुन्या जागी रीडमीत (माहितीच्या फाईलीत) नवा पत्ता टाकून रेपो (कोडचे साठे) अर्काईव्ह केले, म्हणजे फक्त वाचण्यापुरते ठेवले, डिलीट करू नका, जुन्या लिंका मरतात.

अशा साईट बंदही पडतात, गुगल कोड 2016 ला बंद झालं, गिटोरियस 2015 लाच, म्हणून दुसरीकडे एक मिरर (जुळती प्रत) मात्र ठेवलाय. कोडबर्गचा सर्च जरा कमी पडतो, नवी माणसंही इथे कमी सापडतात. तरी माझ्याकडून साडेचार स्टार.