जुन्या थिंकपॅडवर विंडोज ९८ सेकंड एडिशन: माझा अनुभव

बाबांच्या श्रीलिपीतल्या (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) जुन्या फाइली उघडायच्या होत्या म्हणून पेंटियम २ प्रोसेसरवाल्या थिंकपॅड ६०० लॅपटॉपवर १९९९ ची ही विंडोज टाकली, आणि खरं सांगतो, जाम आवडली. आधी फॉरमॅट मारून सीडीवरचं विन९८ फोल्डर हार्डडिस्कवर कॉपी करा आणि सेटअप तिथूनच चालवा, नाहीतर प्रत्येक ड्रायव्हरला (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) परत सीडी मागत बसते. पेन ड्राइव्ह मात्र वेगळा ड्रायव्हर टाकल्याशिवाय दिसतच नाही, माझी अख्खी संध्याकाळ त्यातच गेली. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, २००६ लाच संपलाय, त्यामुळे नेटला अजिबात जोडू नका. पण फाइल उघडली आणि बाबांनी टाइप केलेली लग्नपत्रिका काना-मात्रेसकट जशीच्या तशी दिसली ना, डोळ्यांत पाणीच आलं.